नव्या टायरांनंतर वाकडे दिसणारे स्टिअरिंग : एका लोकप्रिय सल्ल्याचा प्रतिवाद

गाडीला नवे टायर टाकल्यानंतर रस्ता सरळ असूनही स्टिअरिंग किंचित वाकडे दिसू लागले तर काय करावे, याविषयीचा एक सल्ला वाहनधारकांमध्ये हातोहात फिरत असतो. त्याचा सारांश असा : टायर बसवताना अलाइनमेंट (चाकांच्या दिशेची आणि कोनांची जुळणी) बिघडले आहे असे समजावे, वाकडेपणा थोडा असेल तर टायर ‘सेट होईपर्यंत’ काही शे किलोमीटर थांबावे, फरक पडला नाही तर अलाइनमेंट करून सगळे आकडे हिरवे, म्हणजे ठरलेल्या मर्यादेत, असलेला रिपोर्ट घ्यावा, आणि तरीही स्टिअरिंग सरळ झाले नाही, तर ते काढून त्याच्या दांड्यावर एक दाता सरकवून पुन्हा बसवावे. या चारपैकी एकही विधान जसेच्या तसे मान्य करण्यासारखे नाही, आणि चौथे तर धोक्याचे आहे.

पहिले विधान तपासताना टायर बदलताना नेमके काय उघडले जाते ते पाहावे. नट खोलून चाक काढतात, यंत्रावर जुना टायर रिमवरून उतरवून नवा चढवतात, बॅलन्सिंग करतात आणि चाक पुन्हा लावतात. पुढची चाके कोणत्या दिशेला तोंड करून उभी राहतील हे ठरते ते टाय रॉडच्या, म्हणजे स्टिअरिंगची हालचाल चाकापर्यंत नेणाऱ्या दांड्याच्या, लांबीवर, आणि या साऱ्या खटाटोपात टाय रॉडला कोणी हातही लावत नाही. चुकीच्या जागी जॅक लावून एखादा भाग वाकवला गेला, तर गोष्ट वेगळी. पण तो अपघात झाला, रीत नव्हे. म्हणून निव्वळ टायर बदलल्याने अलाइनमेंट बिघडते हे म्हणणे टिकत नाही. मात्र बहुतेक ठिकाणी नव्या टायरांसोबत त्याच दिवशी अलाइनमेंटही उरकले जाते, आणि संशयाची सुई तिकडे वळायला हवी. पहिला प्रश्न त्यामुळे साधा आहे : बिलात अलाइनमेंट आहे की नाही?

दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे आणि हा सल्ला तो विचारतच नाही. स्टिअरिंग वाकडे असणे आणि गाडी एका बाजूला ओढणे, ही दोन निरनिराळी लक्षणे आहेत. हाताची पकड सैल केल्यावर गाडी सरळच जात राहते आणि स्टिअरिंग मात्र तिरके स्थिर राहते, तेव्हा टाय रॉडची किंवा मागच्या चाकांच्या दिशेची तपासणी करावी. पकड सैल करताच गाडी एका बाजूला जाऊ लागते आणि तिला सरळ ठेवण्यासाठी आपणच स्टिअरिंग जरासे वळवून धरलेले असते, तेव्हा कारण बहुधा टायरमध्ये, हवेच्या दाबात, अडकून राहणाऱ्या ब्रेकमध्ये किंवा रस्त्याच्या उतारात असते. पाणी वाहून जावे म्हणून रस्त्याला कडेकडे उतार दिलेला असतो आणि गाडी त्या बाजूला थोडी सरकणे स्वाभाविकच आहे. ही परीक्षा म्हणूनच शक्य तितक्या सपाट आणि मोकळ्या रस्त्यावर, जाता-येता दोन्ही दिशांनी घ्यावी. त्याआधी चारही टायर थंड असताना हवा गाडीच्या दारावरच्या पट्टीवर दिलेल्या आकड्याइतकी करावी आणि लेन राखणारी यंत्रणा असल्यास ती बंद ठेवावी. हात स्टिअरिंगवरून पूर्ण सोडण्याची गरज नाही. बोटे टेकलेली असली तरी ओढ कळते.

ओढ असेल, तर नव्या टायरचा दोष खरोखरच असू शकतो. टायर बनवताना आतला पोलादी पट्टा मध्यापासून किंचित सरकला, तर टायर सूक्ष्म प्रमाणात शंकूसारखा वागतो. निमुळता पेला आडवा ठेवून लोटला तर तो सरळ न जाता वळत जातो, तशीच या टायरची प्रवृत्ती असते. त्याची चाचणी सोपी आहे : पुढची दोन चाके आपापसांत बदलावीत. ओढीची दिशा उलटली तर दोष टायरचा. दिशा तीच राहिली तर टायरच्या या शंकूपणावर खापर फोडता येत नाही. ज्या टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असतो, ते डावे-उजवे न बदलता त्याच बाजूच्या मागच्या चाकाशी बदलावेत; ओढ नाहीशी झाली किंवा बदलली, तर ती टायरमुळे होती असे समजावे. याची दुसरी बाजूही ध्यानात घ्यावी. जुने टायर एका कडेने खाल्लेले असतील, तर त्यांची स्वतःची ओढ गाडीतला जुना दोष झाकून ठेवू शकते आणि नवे टायर आले की तो उघडा पडतो. शिवाय नव्या टायरांचे पैसे मोजल्यानंतर माणूस स्टिअरिंगकडे ज्या बारकाईने पाहतो, तसे त्याने आधीच्या वर्षभरात क्वचितच पाहिलेले असते.

‘सेट होण्याच्या’ मुद्द्यावर फार शब्द खर्च करण्याची गरज नाही. नव्या टायरचा पृष्ठभाग थोडा घासला जाईपर्यंत पकड पूर्ण मिळत नाही आणि सुरुवातीचे काही शे किलोमीटर जपून चालवावे, हे खरेच आहे. परंतु त्या घासण्याने टाय रॉडची लांबी बदलत नाही. चाकांची दिशा खरोखरच चुकलेली असेल, तर थांबण्याच्या काळात नवा टायर कडेने खाल्ला जातो. बॅलन्सिंग पुन्हा करून घ्या, हा जोडसल्लाही असाच गैरलागू आहे. बॅलन्सिंगने वेगात येणारी थरथर जाते, स्टिअरिंगचा कोन बदलत नाही.

हिरव्या रिपोर्टचा मुद्दा मात्र नीट उलगडून पाहायला हवा, कारण भल्याभल्यांची गफलत इथेच होते. टो म्हणजे चाकाचे तोंड सरळ रेषेपासून किती अंश वळलेले आहे ते; आत वळलेले असेल तर अधिक, बाहेर वळलेले असेल तर उणे. समजा, स्टिअरिंग अगदी सरळ धरले असता डाव्या चाकाचा टो +०.३० अंश आणि उजव्याचा −०.१० अंश आहे. दोन्हींची बेरीज +०.२० अंश, म्हणजे अनेक गाड्यांसाठी योग्यच. पण या स्थितीत दोन्ही चाके उजवीकडे पाहत असतात. गाडी सरळ नेण्यासाठी ती ०.२० अंश डावीकडे वळवावी लागतात, आणि स्टिअरिंगचे गुणोत्तर १५ : १ असेल (म्हणजे स्टिअरिंग १५ अंश फिरवल्यावर चाके १ अंश वळत असतील) तर स्टिअरिंग ३ अंश डावीकडे झुकते. ३७ सेंटीमीटर व्यासाच्या स्टिअरिंगच्या कडेवर हे अंतर जवळपास एक सेंटीमीटर भरते, म्हणजे सहज नजरेत येणारे. आता याच गाडीचे मापन स्टिअरिंग ते ३ अंश झुकलेले असताना घेतले, तर पडद्यावर दोन्ही चाकांचा टो +०.१० दिसतो आणि रिपोर्ट निर्विवाद हिरवा निघतो. रिपोर्टमधले आकडे खोटे नसतात. स्टिअरिंग सरळ करून पक्के बांधले होते की नाही, एवढेच ते सांगत नाहीत. हायड्रॉलिक पॉवर स्टिअरिंगच्या गाडीत इंजिन चालू ठेवून, स्टिअरिंग दोन्हीकडे थोडे हलवून मगच ते मध्यावर बांधायचे असते, आणि घाईच्या वेळी नेमकी हीच पायरी गाळली जाते.

याचा एक पुरावा गाडीखाली वाकून पाहिल्यास मिळतो. दोन्ही टाय रॉडच्या टोकांजवळ त्यांची लांबी पक्की धरून ठेवणारा चेकनट असतो. एका बाजूच्या नटाभोवतीचे आटे ताजे, चकचकीत दिसत असतील आणि दुसरीकडे धूळ आणि गंज जसाच्या तसा असेल, तर एकच बाजू फिरवून बेरीज जुळवलेली आहे, असे समजायला हरकत नाही. बहुधा दुसरा नट गंजून पकडलेला असतो आणि तो सोडवायचे कष्ट कोणी घेतलेले नसतात. उपाय असा की, स्टिअरिंग सरळ बांधून एका बाजूचा टो जितका वाढवायचा तितकाच दुसऱ्या बाजूचा कमी करायचा. बेरीज तशीच राहते आणि स्टिअरिंग मध्यावर येते.

मागची चाके मोजलेलीच नसतील, तर एवढ्यानेही भागत नाही. मागच्या दोन चाकांचा टो असमान असेल किंवा मागचा एक्सल किंचित तिरका झाला असेल, तर गाडी मागून एका बाजूला ढकलली जाते आणि पुढच्या चाकांना त्याच दिशेशी जुळवून घ्यावे लागते. तिथेही ०.२० अंशाचा तिरकेपणा स्टिअरिंगवर ३ अंशांचा होऊन दिसतो. केवळ पुढची दोन चाके एकमेकांशी जुळवणाऱ्या अलाइनमेंटला हे कळूच शकत नाही. त्यातून, टायर बदलताना अलाइनमेंट केलेलेच नाही, गाडी ओढतही नाही आणि तरी स्टिअरिंग एकाएकी तिरके झाले, तर वाकलेला टाय रॉड, सैल झालेला चेकनट किंवा फुटलेला बुश (सांध्यातला रबरी भाग) आहे का, हे लांबचा प्रवास करण्यापूर्वी तपासून घ्यावे.

राहिला तो दात्याचा उपाय. स्टिअरिंग ज्या दांड्यावर बसते त्याला ३६ दाते असतील, तर एक दाता म्हणजे १० अंश. म्हणजे ३ अंशांचा वाकडेपणा घालवायला गेलेला माणूस विरुद्ध बाजूला ७ अंशांचा वाकडेपणा घेऊन परततो. अनेक गाड्यांत तर एक दाता मुद्दाम वेगळा ठेवलेला असतो, जेणेकरून स्टिअरिंग एकाच स्थितीत बसावे. शिवाय स्टिअरिंग काढायचे म्हणजे आधी एअरबॅग उतरवायची. त्यासाठी बॅटरी सोडून, कंपनीच्या माहितीपुस्तिकेत दिलेला वेळ थांबावे लागते, आणि खालची गुंडाळलेली विद्युत पट्टी चुकून फिरली तर ती पुढे तुटते. इतके सारे करूनही मूळ दोष जागच्या जागी राहतो. गाडी घसरू नये म्हणून काम करणारी यंत्रणा स्टिअरिंगचा कोन संवेदकावरून वाचते, आणि हा संवेदक बहुतेक गाड्यांत दांड्यावर असतो. दात्यावरून स्टिअरिंग सरकवले तरी दांडा जुन्याच कोनात राहतो, त्यामुळे हाताला सरळ वाटणारी गाडी त्या यंत्रणेच्या हिशेबी अजूनही वळतच असते. टाय रॉडवरून योग्य दुरुस्ती केल्यानंतरही या संवेदकाचा शून्यबिंदू तपासून घ्यावा लागतो. काही गाड्या तो थोडे अंतर सरळ चालवल्यावर आपोआप शिकतात, तर काहींना स्कॅनर जोडून द्यावा लागतो.