फुकटचा खोकला

सरकारी तिजोरीची काळजी वाहणारं कुणी उरलं नाही, अशी ओरड सगळीकडे असते. मला पटत नाही. तुम्ही आहात ना! रात्री जेवणं आटोपली, सोफ्यावर पाय पसरले, की तुमच्या तोंडून तो प्रश्न येतोच: "आमच्या कराच्या पैशावर अजून किती जणांना पोसायचं? आता गरिबांच्या पोरांना औषधंही फुकट?" प्रश्न रास्त आहे. पण नुसती काळजी करून भागत नाही, ती नीट करावी लागते. कुठे कापायचं, कुणाकडे बोट दाखवायचं आणि कुठे डोळ्यांवर कातडं ओढायचं याचं एक शास्त्र आहे. चार गोष्टी सांगतो, उपयोगी पडतील.

सगळ्यात आधी भाषा सुधारा. 'गरिबांना देऊ नका' असं चुकूनही म्हणू नका, फार उघडंवाघडं वाटतं. 'खऱ्या गरजूंनाच द्या' म्हणा. यातला 'खऱ्या' हा शब्द सोन्याच्या मोलाचा आहे. तो वाक्यात बसला रे बसला, की आपण खोटे नाही हे सिद्ध करण्याचं काम गरजूच्या गळ्यात पडतं आणि तुम्ही मोकळे.

याला मोठी परंपरा आहे, घाबरू नका. इंग्लंडमध्ये १८३४ साली गरिबांचा कायदा सुधारला, तेव्हा तत्त्वच ठरवून टाकलं: जो मदत घेतो त्याची अवस्था बाहेर राबणाऱ्या सगळ्यात गरीब मजुरापेक्षाही वाईट असली पाहिजे. नाहीतर लोक सोकावतील. मग वर्कहाउस नावाच्या इमारतीत नवरा एका बाजूला, बायको दुसऱ्या बाजूला आणि पोरं तिसऱ्या बाजूला. मदत घेणारा आणि मजूर यांच्यातलं अंतर मजुराची मजुरी वाढवूनही राखता आलं असतं. पण ते खर्चाचं काम.

आता सुरुवात कुणापासून करायची? म्हाताऱ्यांना हात लावू नका. ते मत देतात, आणि सकाळी सगळ्यात आधी रांगेत उभे राहून देतात. कारखानदारांच्या संघटना असतात. तेव्हा मुलं बरी. चार वर्षांच्या पोराला मत नाही, संघटना नाही, आणि मोर्चा काढलाच तर ते वाटेत झोपून जाईल. एकच अडचण आहे. त्याला आळशी म्हणता येत नाही. 'काम कर, कमव, मग खोकला काढ' हे त्याला सुनावलं तर ऐकणारे आपल्याकडेच वळून बघतात. यावर उपाय असा की मुलाकडे बघायचंच नाही, बापाकडे बघायचं. "झेपत नव्हतं तर जन्माला कशाला घातलं?" हे वाक्य पाठ करून ठेवा. न्यूमोनिया पोराला आणि शिक्षा बापाला, असा हा सरळ हिशेब आहे.

पुढचा मुद्दा किमतीचा. औषध अगदीच नाकारू नका. थोडे तरी पैसे लावा. फुकट मिळालेल्या गोष्टीची किंमत राहत नाही, हे तर तुम्ही नेहमीच म्हणता. चार पैसे खिशातून गेले की लोक उगाचची औषधं घेणं बंद करतात आणि गरजेची तेवढी घेतात, असं हे तर्कशास्त्र.

अमेरिकेत रँड या संस्थेने १९७० च्या दशकात हे खरंच करून पाहिलं. हजारो कुटुंबं वेगवेगळ्या विमा योजनांत वाटून टाकली. काहींना उपचार फुकट, काहींना खर्चाचा वाटा उचलायला लावला. पैसे द्यावे लागणाऱ्यांनी उपचार कमी घेतले, इथवर तुमचं बरोबर निघालं. पण त्यांनी उगाचचे आणि गरजेचे असे दोन्ही उपचार जवळपास सारख्याच प्रमाणात कमी केले. कुठलं औषध कामाचं हे माणसाला कळत असतं, तर तो डॉक्टरकडे गेलाच कशाला असता? सरासरी धडधाकट माणसाचं त्यात फारसं बिघडलं नाही, बिघडलं ते आधीच आजारी असलेल्या गरिबांचं. म्हणून सभेत बोलताना 'सरासरी' या शब्दाला धरून राहा, फार आधार देतो तो.

मी स्वतः काही वर्षं औषधांच्या काउंटरमागे उभा होतो, म्हणून एक देखावा जवळून दाखवतो. बाई येते. कडेवर मूल, छातीत घरघर चाललेली, काउंटरच्या काचेवर त्याचा ओला तळवा. चिठ्ठीवर दम्याचे दोन पंप आहेत. एक रोज सकाळ-संध्याकाळ घ्यायचा, दुसरा धाप लागली की घ्यायचा. आकडा ऐकल्यावर ती घासाघीस करत नाही. हळूच विचारते, "यातला कुठला नाही घेतला तर चालेल?"

काउंटरमागचा माणूस सांगतो की दोन्ही लागतात. ती मान हलवते आणि धापेचा पंप उचलते. तिचं काय चुकलं? तो दोन-चार मिनिटांत छाती मोकळी करतो, फरक डोळ्यांना दिसतो. रोजचा पंप आतली सूज हळूहळू उतरवतो. आज घेतला तरी काही दिसत नाही, आज नाही घेतला तरी काही दिसत नाही. जे दिसतं त्याचे पैसे तिने दिले, कुठलाही शहाणा गिऱ्हाईक हेच करेल. रोजचा पंप परत फळीवर गेला.

मग काही आठवड्यांनी एका रात्री मूल निळं पडतं. अँब्युलन्स, ऑक्सिजन, तोंडावर मास्क, दोन-तीन दिवसांची खाट. पंपाच्या किमतीच्या कितीतरी पट खर्च, आणि बऱ्याच ठिकाणी तोही सरकारीच. पण इथे दचकू नका. तो खर्च दुसऱ्या खात्यात पडतो. औषधांच्या खात्यात बचतच दिसते, आणि भाषणात वाचून दाखवायचं खातं तुमचं तुम्ही निवडायचं असतं.

बाटलीतल्या अँटिबायोटिकची गंमत तर अजून न्यारी. कोरडी पावडर, खुणेपर्यंत पाणी, खळखळून हलवायचं. एक बाटली एका मुलाला, एका आजारासाठी, वजन बघून मोजलेली. घरात दोन मुलं तापली असली की आई चमचा अर्धा भरते आणि एकाच बाटलीत दोघांचं भागवते. काटकसर म्हणतात ती हीच. अर्धवट मारलेले जंतू पुढे औषधाला दाद देईनासे होतात आणि तुमच्या नातवापर्यंतही येऊ शकतात, हा भाग वेगळा. जंतूंना उत्पन्नाचा दाखला कुणी मागत नाही.

ब्रिटनने काय घोळ घातला तो मात्र गिरवू नका. तिथे १९४८ साली सगळी आरोग्यसेवा फुकट झाली. तीनच वर्षांत सरकारने कवळ्या आणि चष्म्यांवर पैसे लावले आणि ती सेवा उभी करणारा मंत्री अन्युरिन बेव्हन राजीनामा देऊन बाहेर पडला. १९५२ मध्ये औषधाच्या चिठ्ठीवरही एका शिलिंगचा आकार आला. १९६५ मध्ये तो काढला, १९६८ मध्ये परत लावला, पण लावताना मुलांना आणि म्हाताऱ्यांना वगळावं लागलं. आज इंग्लंडमध्ये दिल्या जाणाऱ्या औषधांपैकी दहातली जवळपास नऊ कुणाकडूनही पैसे न घेताच जातात. उरलेल्या एकासाठी फॉर्म, खुणा, तपासणी आणि दंडाच्या नोटिसा. त्यातल्या लाखो नोटिसा पुढे मागे घ्याव्या लागल्या, कारण ज्यांना त्या गेल्या ती माणसं फुकट औषधाला पात्रच होती. वेल्सने २००७ मध्ये, उत्तर आयर्लंडने २०१० मध्ये आणि स्कॉटलंडने २०११ मध्ये हा पैसे घेण्याचा प्रकारच बंद केला. कच्च्या दिलाची माणसं.

तुम्ही तपासणी सोडू नका. नाकापेक्षा मोती जड झाला तरी चालेल, मोती पाहिजेच. २०११ साली फ्लोरिडाने मदत मागायला येणाऱ्यांची अमली पदार्थांसाठी चाचणी सुरू केली. चाचणीत नापास झाले शंभरात तीनसुद्धा नाहीत. जे पास झाले त्यांचे चाचणीचे पैसे सरकारला परत द्यावे लागले, आणि वाचले त्यापेक्षा गेले जास्त. पुढे न्यायालयाने तो कायदा अडवला. पण चारचौघांत गरिबाच्या हातात बाटली देऊन 'जा, भरून आण' म्हणण्यातलं समाधान पैशात कसं मोजणार?

याहून मोठं काम नेदरलँड्सने केलं. तिथे पाळणाघराच्या खर्चासाठी आईबापांना सरकारी भत्ता मिळतो. कुणी लबाडी करू नये म्हणून कर खात्याने नियम इतके आवळले की एखादी सही राहिली, हिशेबात थोडी तफावत आली, तरी सगळा भत्ता परत मागायचा. हजारो आईबाप लबाड ठरले. आडनाव परकं असलं, दुसऱ्या देशाचं नागरिकत्व असलं, तर संशय जरा जास्तच. लोक कर्जात बुडाले, संसार मोडले, काहींची मुलंही ताब्यातून गेली. सगळं बाहेर आल्यावर जानेवारी २०२१ मध्ये आख्ख्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. घाबरलात? दोन महिन्यांत निवडणूक झाली आणि पंतप्रधान पुन्हा तेच झाले.

लबाडी नसतेच असं मी म्हणत नाही. असते, आणि तुम्हाला तिची एकच गोष्ट पुरते. अमेरिकेत १९७६ च्या अध्यक्षपदाच्या प्रचारात रोनाल्ड रेगन शिकागोच्या एका बाईची गोष्ट सांगत: ऐंशी नावं, तीस पत्ते, सगळीकडून सरकारी पैसा. बाई खरी होती, लबाडही होती. पण तिच्यासारख्या किती, हे सभेत कुणी विचारत नाही. तुम्हीही अशी एक बाई शोधून ठेवा. आणि कुणी म्हणालंच की एवढ्याशा औषधाच्या बाटलीसाठी कशाला एवढं, तर गंभीर चेहऱ्याने सांगा: म्हातारी मेल्याचं दुःख नाही, काळ सोकावतो.

स्वतःच्या बाबतीत मात्र शब्द बदला. आरोग्यविम्याच्या हप्त्यावर करात सूट मिळते, घराच्या कर्जावर मिळते, अशा सोयी कितीतरी देशांत आहेत. तोही तिजोरीत न आलेला पैसाच. पण त्याला 'फुकट' म्हणायचं नाही, 'सवलत' म्हणायचं. आणि त्यासाठी रांग नसते, खिडकी नसते. खिडकीपलीकडून कुणी "खरंच गरज आहे का?" असंही विचारत नाही.

एका ठिकाणी मात्र माझी जीभ जरा अडखळते. स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रॉफी या आजारात तान्ह्या बाळाचे स्नायू निकामी होत जातात. त्यावरचं झोल्जेन्स्मा हे औषध २०१९ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. एकदाच द्यायचं आणि किंमत एकवीस लाख डॉलरच्या वर. इथे पैसा खरोखरच अपुरा पडतो. या एका बाळाला द्यायचं की तेवढ्यात हजारो मुलांना साध्या रोगांची औषधं द्यायची, हा प्रश्न कुणाच्या दुष्टपणातून आलेला नाही. तो सोडवायला काही देशांत माणसं बसवलेली असतात. एका वर्षाच्या धड आयुष्यासाठी किती खर्च परवडतो याचा आकडा मांडतात, कारणं छापतात आणि लोकांच्या शिव्या खातात. मला त्यांचा आकडा दरवेळी पटत नाही, पण ते तो लपवत नाहीत.

तुम्ही या फंदात पडू नका. ज्या बाळाचा फोटो चांगला आला त्याला द्या आणि बाकीच्यांना 'निधीची मर्यादा' सांगा. फोटो नसलेल्या मुलांचं बरं असतं, ती एकेकटी मरतात. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबिस यांनी कॉलऱ्याच्या रुग्णांना मीठ, साखर आणि पाणी पाजायला सुरुवात केली. शंभरात तीसच्या आसपास मरत होते, ते चारच्या खाली आले. एवढं स्वस्त औषध, पण त्याचा फोटो कसा काढणार? पातेल्यात पाणीच तर दिसतं.

तर लागा कामाला. भाषण तयार ठेवा, खातं निवडून ठेवा, शिकागोची बाई हाताशी असू द्या. आणि एवढं सगळं करून वाचवलं काय, असं एखाद्या खवचट माणसाने विचारलंच, तर त्याला त्या काउंटरवर घेऊन जा. काचेवरचा तळव्याचा डाग बहुतेक पुसला गेला असेल. पण मागच्या फळीवर, वरून दुसऱ्या ओळीत, रोजचा पंप सीलबंद ठेवलेला आहे. तो दाखवा.