उंदराची अँटीबॉडी म्हणून सीडी4 रिपोर्ट खोटा? नाही भाऊ, एकेक मुद्दा बघा

जळगाव-धुळ्याकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक मेसेज जोरात फिरतोय. एचआयव्हीच्या पेशंटचा सीडी4, म्हणजे रक्तात सीडी4 असलेल्या पेशी किती, ते मोजायला लॅबवाले उंदराची अँटीबॉडी (परक्या गोष्टीला ओळखून चिकटणारं प्रथिन) वापरतात, ती माणसाच्या रक्ताला लागूच पडत नाही, सकाळ-संध्याकाळ आकडा बदलतो हाच पुरावा, वर ती अंगात गेली की रिॲक्शन येते, आणि शेवटी म्हणे सीडी4 पाचशेच्या वर गेला की एचआयव्हीच्या गोळ्या बंद करा. परवा यावलकडच्या एका ताईंनी मोबाईल पुढं करून विचारलं, "भाऊ, हाई खरं शे का?" मी लॅबमध्येच आहे, हीच अँटीबॉडी रोज हातात असते, म्हणून लिहितोय.

पहिलं, उंदराची आहे हे खरं, पण उंदराची आहे म्हणूनच ती चालते. सीडी4 हा हेल्पर टी पेशीवरचा, म्हणजे रोगाशी लढायला मदत करणाऱ्या पांढऱ्या पेशीवरचा रिसेप्टर (चिकटायची जागा), एचआयव्ही त्यालाच चिकटून आत शिरतो. आपलं शरीर आपल्याच सीडी4 विरुद्ध सहसा अँटीबॉडी बनवत नाही, उंदराला मात्र तो परका, त्यामुळे माणसाच्या टी पेशी टोचल्या की उंदराच्या बी पेशी (अँटीबॉडी बनवणाऱ्या पांढऱ्या पेशी) त्याविरुद्ध अँटीबॉडी बनवतात. 1975 मध्ये केंब्रिजला कोहलर आणि मिलस्टाइन या शास्त्रज्ञांनी अशी बी पेशी कॅन्सरच्या पेशीशी जोडली, मग ती मरत नाही आणि एकाच प्रकारची अँटीबॉडी देत राहते, याला 1984 चं नोबेल मिळालं. सीडी4 ओळखणारी ओकेटी4 ही अँटीबॉडी 1979 पासून माहिती आहे. म्हणजे कुणीतरी काल शोधून काढलेला धंदा नाही हा.

आता लॅबमध्ये काय होतं ते बघा. जांभळ्या झाकणाच्या ईडीटीए (रक्त गोठू न देणारं रसायन) ट्यूबमधलं थोडंसं रक्त मोजून घ्यायचं, त्यात चमकणारा रंग जोडलेली अँटीबॉडी टाकायची आणि अंधारात ठेवायचं, उजेडात रंग मरतो. मग फ्लो सायटोमीटरमध्ये एकेक पेशी लेझरसमोरून जाते, रंग चमकला की मोजली. खरी अडचण कुठे आहे ते मेसेजवाल्याला माहितीच नाही: मोनोसाइट नावाच्या पेशींवरही थोडा सीडी4 असतो, त्या चुकून मोजल्या जाऊ नयेत म्हणून सोबत सीडी3 ची अँटीबॉडी टाकतात, ती टी पेशीलाच धरते, आणि दोन्ही रंग दिसले तरच ती पेशी धरायची. शिवाय काही थोड्या लोकांच्या सीडी4 ची ठेवण जरा वेगळी असते, त्यांच्या पेशी ओकेटी4 ला दिसत नाहीत, पण दुसऱ्या जागी चिकटणाऱ्या अँटीबॉडीला दिसतात. हेही तपासूनच कळलंय, कुणी लपवलेलं नाही.

दुसरा मुद्दा, आकडा बदलतो. बदलणारच! सीडी4 दिवसभरात खालीवर होतो, साधारण सकाळ-दुपारी कमी आणि रात्रीकडे जास्त, ताप-खोकला असला तरी उतरतो. निरोगी मोठ्या माणसातच तो रक्ताच्या एका घन मिलिमीटरमागे साधारण 500 ते 1500 पेशी इतका पसरलेला असतो, मग 420 चा 470 झाला म्हणून मशीन खोटं कसं? शक्यतो त्याच लॅबला, त्याच वेळेला सॅम्पल द्या. आणि आपल्याकडची गोष्ट सांगतो, मे महिन्यात भुसावळच्या उन्हात गाडीच्या डिक्कीत तासन्‌तास ट्यूब राहिली तर पेशी मरतात, तो दोष अँटीबॉडीचा नाही. ट्यूब फ्रीजमध्येही टाकायची नाही, साध्या खोलीच्या तापमानाला ठेवून लवकर पोचवायची.

रिॲक्शनचं म्हणाल तर तुमच्या अंगातून फक्त रक्त बाहेर येतं, आत काहीच जात नाही, अँटीबॉडी ट्यूबमध्ये पडते आणि तपासणी झाली की कचऱ्यात जाते. ही भीती कुठून आली असेल ते सांगतो. 1986 मध्ये अमेरिकेत ओकेटी3 नावाची उंदराचीच अँटीबॉडी किडनी बदललेल्या पेशंटना औषध म्हणून द्यायला मंजुरी मिळाली, ती शिरेतून द्यायचे आणि काही जणांचं शरीर तिच्याविरुद्ध उठायचं. ते इंजेक्शन होतं, इथं तपासणी आहे, दोन्हीची खिचडी करू नका.

शेवटचा मुद्दा सगळ्यात घातक, आणि मला राग येतो तो याचाच. एकीकडे रिपोर्ट खोटा म्हणता अन् दुसरीकडे त्याच रिपोर्टवर गोळ्या बंद करायला सांगता? हे करून बघून झालंय. स्मार्ट नावाच्या अभ्यासात 33 देशांतले 5472 पेशंट होते, एका गटाला सीडी4 साडेतीनशेच्या वर गेला की गोळ्या बंद, अडीचशेच्या खाली आला की परत सुरू. त्या गटात आजार आणि मृत्यू जास्त व्हायला लागले, म्हणून 2006 च्या जानेवारीत ते थांबवावं लागलं. भारतात 2017 पासून सीडी4 कितीही असो, एचआयव्ही आहे म्हटल्यावर एआरटी, म्हणजे एचआयव्हीला दाबून ठेवणाऱ्या याच गोळ्या, द्यायचीच असं धोरण आहे, गोळ्या सरकारी सेंटरला फुकट मिळतात. त्या काम करतायत का हे व्हायरल लोडवरून, म्हणजे रक्तात व्हायरस किती आहे त्यावरून कळतं. मेसेज वाचून कुणी गोळ्या थांबवल्या असतील तर उद्याच सेंटरला जा आणि किती दिवस थांबवल्या ते डॉक्टरांना स्पष्ट सांगा.