मेमोरियल डे सोमवारी कशाला?

मे संपत आला की अमेरिकेतल्या आपल्या मराठी ग्रुपांवर ‘हॅपी मेमोरियल डे’चा पाऊस पडतो. अहो, युद्धात मेलेल्या सैनिकांचा दिवस आहे तो! सर्वपित्रीला कुणी शुभेच्छा देतं का? (माजी सैनिकांचे आभार मानायला ११ नोव्हेंबरचा व्हेटरन्स डे आहे.)

पण एकट्या आपल्याला तरी काय बोलायचं? गाद्यांचे सेल आणि बार्बेक्यू इथल्यांनीच लावलेत. माझ्या मते खरा घोळ १९६८ च्या कायद्याने केला. जोडून सुट्टी मिळावी म्हणून १९७१ पासून ३० मे सोडून मेचा शेवटचा सोमवार धरला.

हा दिवस सुरू कसा झाला ते बघा. अमेरिकेच्या यादवी युद्धात साउथ कॅरोलिनातल्या चार्ल्सटन शहराच्या रेसकोर्सवर दक्षिणेच्या फौजेने उत्तरेचे कैदी डांबले होते. त्यातले अडीचशेहून अधिक मेले आणि त्यांना स्टँडमागे एकत्रच पुरलं. शहर उत्तरेच्या हाती पडल्यावर नुकत्याच गुलामीतून सुटलेल्या कृष्णवर्णीयांनी ती प्रेतं उकरून प्रत्येकाला वेगळी कबर दिली, भोवती कुंपण घातलं. १ मे १८६५ ला तिथे दहाएक हजार माणसं जमली, पुढे हात भरून गुलाब घेतलेली शाळकरी मुलं. पुढे या दिवसाच्या जन्मस्थानाचा सरकारी मान १९६६ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या वॉटर्लू गावाला गेला. मला विचाराल तर तो चार्ल्सटनचा.

३० मे ठरवली ती १८६८ मध्ये उत्तरेच्या माजी सैनिकांच्या संघटनेचे प्रमुख जनरल लोगन यांनी. तेव्हा नाव होतं डेकोरेशन डे, कारण कबरी फुलांनी सजवायच्या. आता कुणी म्हणेल, गणपती-दिवाळी शनिवारी उरकणाऱ्यांनी तिथीबद्दल बोलू नये. टोमणा मान्य! पण सुट्टी बुधवारी आली तर माणूस घरी राहतो, निदान परेडला तरी जातो. जोडून आली की शुक्रवारीच गाडी बीचच्या वाटेला लागते.

वॉशिंग्टनजवळच्या अर्लिंग्टनच्या लष्करी दफनभूमीत मात्र अजून नेमाने काम होतं. सुट्टीच्या आधी काही दिवस सैनिक अडीच लाखांवर कबरींपुढे छोटे झेंडे रोवतात. बुटाचं टोक दगडाला टेकवायचं आणि टाचेपाशी झेंडा खुपसायचा, म्हणजे सगळे एका रेषेत येतात.

हवाईचे सिनेटर डॅनियल इनोये यांचा उजवा हात दुसऱ्या महायुद्धात इटलीत गेला होता. ३० मे परत आणा, असं विधेयक ते १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून पुन्हा पुन्हा मांडत राहिले. २०१२ मध्ये ते वारले, तोवर ते मंजूर झालं नव्हतं. आजही सुट्टी सोमवारीच असते.