मानद खजिनदार

निवृत्त माणसाने फोनवर फुशारकी मारू नये. "साहेब, तुम्ही बँकेत होतात ना?" एवढंच अध्यक्षांनी विचारलं. मी छाती फुगवून "छत्तीस वर्षं!" म्हणालो, आणि फोन ठेवेपर्यंत गावातल्या विनाअनुदानित शाळेचा खजिनदार झालो होतो. मानद. म्हणजे मान थोडा, दगदग फार.

पहिली सभा चारची. मी पावणेचारलाच सातवीच्या वर्गात, गुडघे हनुवटीला टेकवून बाकावर बसलो. साडेचारला बाकीचे सगळे एकदमच आले. संस्थेच्या घटनेत म्हणे तसं कलमच आहे : गणपूर्ती नसेल तर सभा तहकूब, अर्ध्या तासाने त्याच जागी पुन्हा, आणि तिला गणपूर्ती लागत नाही. त्यामुळे जाणती मंडळी थेट तहकूब सभेलाच येतात.

विषय एकच, आठवीच्या वर्गाचं गळकं छप्पर. तो तीन पावसाळे इतिवृत्तात मुक्कामाला होता. मुख्याध्यापिका बाई प्रत्येक सभेत तो मांडत, सभा प्रत्येक वेळी उपसमिती नेमी. या खेपेला मात्र ठराव चक्क मंजूर झाला. सूचक, अनुमोदक, चहा. "आता चेक तेवढा खजिनदारांनी द्यावा!" टाळ्या.

चेकवर सही करायची तर बँकेत माझं नाव हवं. बँकेला नाव हवं शेड्यूल १ वर, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या विश्वस्तांच्या नोंदीत. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० चा हा प्रताप. विश्वस्त बदलले की कलम २२ प्रमाणे ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट द्यायचा. तो आम्ही दिला. मंजूर कधी होईल, असं वकिलांना विचारलं तर त्यांनी चहा मागवला. आमच्या आधीच्या कार्यकारिणीचाच अजून पडून आहे, आमचा त्याच्या मागे. थोडक्यात, कागदोपत्री शाळा अजून जुनेच सात जण चालवतात. त्यातले दोघे हार घातलेल्या फोटोंतून ऑफिसात कायम हजर असतात. गणपूर्तीला त्यांचाच काय तो भरवसा.

तरी म्हटलं, आपलीच शाखा, आपलाच माणूस. काउंटरवरचा तो पोरगा माझ्याच हाताखाली तयार झालेला. उठून उभा राहिला, पाणी मागवलं, कागद शेवटच्या पानापर्यंत वाचले. "सर, तुमची सही मी झोपेतही ओळखीन. पण शेड्यूल १ वर नाव आणा, मग बघू."

हे वाक्य माझं. छत्तीस वर्षांत किती देवस्थानं आणि शाळा मी त्यावर परत पाठवल्या असतील! "मग बघू"नंतर चष्मा पुसायचा, तेही मीच शिकवलेलं. त्याने पुसला.

येताना आठवीसाठी पदरच्या पैशांनी चार बादल्या घेतल्या. त्या खर्चाच्या मंजुरीचा विषय पुढच्या सभेपुढे आहे. सभा चारची आहे. मी साडेचारला जाईन.