सोबत आणि जाब

2025 च्या ऑगस्टमध्ये राष्ट्रीय महिला आयोगाच्या अध्यक्षांच्या हस्ते स्त्रियांच्या सुरक्षिततेविषयीचा एक अहवाल प्रसिद्ध झाला, 31 शहरांतील 12,770 स्त्रियांशी बोलून तयार केलेला. त्यात देशातील सर्वांत सुरक्षित शहरांमध्ये मुंबईचे नाव आले आणि आमच्या शाळेच्या वर्गमित्रांच्या व्हॉट्सॲप गटावर दिवसभर त्याचाच आनंद चालला होता. मुंबईत रात्री दोन वाजताही बाई बिनधास्त फिरू शकते, तुझ्या लंडनमध्ये तसे फिरून दाखव, असे एकाने मला उद्देशून लिहिले. मी दादरची आहे. मला अभिमान वाटला आणि तसे मी गटावर कळवलेही. संध्याकाळी कोणीतरी छेडछाडीची एक बातमी टाकली, तेव्हा त्याच गृहस्थांनी विचारले, "पण एवढ्या रात्री ती बाहेर काय करत होती?" या दोन वाक्यांत त्यांना काहीच विसंगत वाटले नाही, गटातल्या इतर कोणालाही वाटले नाही, आणि त्याच अहवालात दहापैकी चार स्त्रियांनी आपल्याला पुरेसे सुरक्षित वाटत नाही असे सांगितले आहे, याची तर कोणी नोंदही घेतली नाही.

मी गेली 19 वर्षे लंडनच्या ईशान्येला, वॉल्थमस्टोमध्ये राहते. रुग्णालयाच्या प्रयोगशाळेतली माझी पाळी आठवड्यातून तीनदा रात्री साडेअकराला संपते. भुयारी रेल्वेच्या व्हिक्टोरिया लाइनच्या शेवटच्या स्टेशनवर उतरून हो स्ट्रीटवरून मी चालत घरी येते. इथे भीती नाही, असे मी कधीही म्हटलेले नाही. 2021 मध्ये या देशाच्या सांख्यिकी कार्यालयाने लोकांना विचारले होते, तेव्हा घराजवळच्या शांत रस्त्यावर अंधार पडल्यावर एकटीने चालताना असुरक्षित वाटते असे दर दोन स्त्रियांपैकी एकीने सांगितले होते आणि पुरुषांपैकी सातांतल्या एकाने. त्याच वर्षीच्या 3 मार्चला सारा एव्हरार्ड ही तरुणी क्लॅपमहून ब्रिक्स्टनकडे घरी चालत निघाली होती. वेळ रात्री साडेनऊच्या सुमाराची होती, रस्ता दिव्यांचा होता, वाटेत ती फोनवर बोललेली होती. तिला थांबवणारा वेन कझन्स हा लंडन पोलीस दलातला नोकरीवर असलेला शिपाई होता आणि तिला गाडीत बसवण्यासाठी त्याने स्वतःचे पोलिसी ओळखपत्र आणि बेड्या वापरल्या. तिच्या खुनाबद्दल त्याला मरेपर्यंत तुरुंगवास झाला, तेव्हा पोलीस दलाने स्त्रियांना सल्ला दिला की एकट्या पोलिसाविषयी शंका आली तर जवळच्या माणसाला हाक मारा, एखादे दार ठोठवा, जाणाऱ्या बसला हात करा. त्यानंतर कित्येक महिने मी रात्री चालताना मागून बस येते आहे का, ते बघत असे.

हे सगळे गटावरच्या मंडळींना ठाऊक आहे आणि वाद झाला की ते माझ्यासमोर ठेवले जाते. म्हणून दुसरी बाजूही सांगते. सारा एव्हरार्डच्या खुनानंतर उत्तर यॉर्कशायरचे पोलीस आयुक्त (इथे हे लोकांनी निवडून दिलेले पद असते) फिलिप ॲलट यांनी, पोलीस कोणाला केव्हा अटक करू शकतात हे स्त्रियांनी समजून घ्यायला हवे, तिने तसे सहजासहजी त्याच्या ताब्यात जायला नको होते, अशा अर्थाचे विधान केले. दोन आठवड्यांत त्यांना पद सोडावे लागले. 2025 च्या 25 फेब्रुवारीला पुण्यात स्वारगेटच्या एसटी स्थानकात पहाटे एका तरुणीवर उभ्या असलेल्या शिवशाही बसमध्ये बलात्कार झाल्याची फिर्याद दाखल झाली. फिर्यादीनुसार त्या माणसाने तिला ‘ताई’ म्हणून हाक मारली होती आणि तिची फलटणची बस दुसरीकडे लागली आहे असे सांगून नेले होते. त्यावर राज्याच्या गृहराज्यमंत्र्यांनी म्हटले की झटापट किंवा आरडाओरड झाली नाही, म्हणून आसपासच्या लोकांच्या लक्षात आले नाही. टीका झाल्यावर त्यांनी खुलासा केला आणि ते पदावर राहिले. तुलना करायचीच असेल तर मी अशी करते. गुन्हे दोन्हीकडे होतात, पण "ती का गेली, ती का ओरडली नाही" हे विचारण्याची किंमत दोन देशांत सारखी नाही.

ही किंमतही इथे आपोआप ठरलेली नाही. 1977 मध्ये यॉर्कशायरमध्ये एकामागून एक स्त्रियांचे खून होत असताना पोलिसांनी स्त्रियांना रात्री घरात राहायला सांगितले होते, आणि त्याच्या निषेधार्थ नोव्हेंबरमध्ये लीड्सच्या स्त्रिया रात्री रस्त्यावर उतरल्या होत्या.

आपल्याकडे रात्रीच्या बाईचा विचार नेहमी तिला पोहोचवण्याच्या अंगाने होतो. महाराष्ट्राचा 2017 चा दुकाने व आस्थापना अधिनियम पाहावा. स्त्रीला रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत कामावर ठेवायचे तर तिची संमती हवी, संरक्षणाची व्यवस्था हवी आणि तिला घराच्या दारापर्यंत सोडणारी गाडी हवी. ही तरतूद चांगली आहे, अनेक मुलींच्या नोकऱ्या तिच्यावर टिकून आहेत, आणि माझ्या इथल्या नोकरीत मला असे कोणी दारापर्यंत सोडत नाही. पण 2007 मध्ये पुण्यात रात्रपाळीला निघालेल्या एका बीपीओ कर्मचारी तरुणीवर अत्याचार करून तिचा खून करणारा माणूस तिला न्यायला आलेल्या कंपनीच्या गाडीचाच चालक होता. बरोबर त्याचा साथीदार होता. बेड्या बाळगणारा लंडनचा शिपाई आणि तो चालक यांची गोष्ट माझ्या मनात नेहमी शेजारी शेजारी येते. दोघांच्याही हाती बाईची सुरक्षितता सोपवण्यात आली होती. तिला वाटेत उतरून स्वतः चालत जाता येईल असा रस्ता मात्र कोणी तयार केला नव्हता, आणि दिवे, फुटपाथ, उघडी दुकाने, रात्री वेळेवर येणारी बस या गोष्टी आमच्या गटावरच्या कुठल्याही चर्चेत आजवर आलेल्या नाहीत.

गेल्या नोव्हेंबरमधली एक रात्र सांगते. मुख्य रस्ता सोडून मी आमच्या गल्लीत वळले आणि मागे पावले वाजू लागली. जड बुटांची, माझ्याहून थोडी जलद. मी फोन हातात घेतला, कोणाला लावला नाही. मग ती पावले फुटपाथवरून खाली उतरली, रस्ता ओलांडून पलीकडे गेली आणि एक उंच तरुण माझ्याकडे मुळीच न बघता पलीकडूनच पुढे निघून गेला. मला भीती वाटू नये म्हणून त्याने रस्ता ओलांडला होता. इथले चांगले पुरुष असेच करतात, आणि मला त्यांच्याविषयी कृतज्ञता वाटते. परंतु त्या क्षणी ती गल्ली जितकी रिकामी वाटली, तितकी दादरची कुठलीही गल्ली मला कधी वाटलेली नाही. दादरला मध्यरात्री सगळे लोक माझ्यापासून असे लांब जाऊ लागले असते, तर मी घाबरून पळत सुटले असते.

तरीही मुंबईच्या गर्दीविषयी मी इथे जे सांगत आले, ते पूर्ण खरे नाही. डिसेंबर 2012 मध्ये दिल्लीच्या बसमधल्या त्या अत्याचारानंतर प्रयोगशाळेतल्या सहकारी मला सहानुभूतीने विचारत, तिकडे तुम्ही राहता तरी कशा? मला राग येई. मी सांगे की मी मुंबईची आहे, कॉलेजात असताना रात्रीच्या लोकलने एकटी घरी आलेली आहे, महिलांच्या डब्यात रात्री पोलीस असतो. जे सांगितले ते खरे होते. जे सांगितले नाही, ते असे की त्याच काळात दादरच्या पुलावर संध्याकाळच्या गर्दीत मी छातीशी पर्स घट्ट धरून आणि कोपरे बाहेर काढून चालत असे, आमच्यातली प्रत्येक मुलगी तशीच चालत असे, आणि त्या पुलावर कोणाचा हात लागला नाही असा आठवडा क्वचित जाई. वॉल्थमस्टोमध्ये 19 वर्षांत मला रस्त्यावर कोणी हात लावलेला नाही. इथे मला दररोज काहीच होत नाही आणि तरी मरणाची भीती वाटते. तिथे काही ना काही दररोज होत असे आणि मरणाचा विचारही मनात येत नसे. यातले सुरक्षित कोणते, ते मला अहवालातल्या क्रमांकावरून ठरवता येत नाही.

मागच्या वेळी दादरला गेले, तेव्हा बोरिवलीला मावशीकडून निघायला रात्रीचे अकरा वाजले. येऊ नकोस, असे भावाला फोनवर दोनदा बजावले होते. तो पुलाच्या पायऱ्यांशी उभा होता. म्हणाला, "अगं, सोबत म्हणून आलो." आम्ही दोघे बंद दुकानांवरून चालत घरी आलो, वाटेत आईच्या गुडघ्यांविषयी बोललो, आणि जिन्यात पोहोचल्यावर माझ्या ध्यानात आले की मी एकदाही मागे वळून पाहिले नव्हते. त्या पंधरा मिनिटांसाठी मी इथले बरेच काही देऊन टाकीन. पण दार उघडताच आईने, एवढा उशीर का, कोण कोण होते तिथे, असे विचारले, आणि माझ्या वयाच्या पन्नासाव्या वर्षी मी तिला एकेकाची नावे सांगितली. आपल्याकडे सोबत मिळते ती या जाबासकट मिळते. इथे जाब कोणी विचारत नाही आणि सोबतही नसते. मला एक हवे आहे आणि दुसरे नको आहे, एवढेच मला गटावर लिहायचे होते, पण दोन्ही वेगळे करता येतात असे मी छातीठोकपणे सांगू शकले नाही, आणि त्याला माझे स्वतःचे कारण आहे.

माझी मुलगी 18 वर्षांची आहे. शनिवारी ती मैत्रिणींबरोबर ब्रिक्स्टनला जाते आणि नाईट ट्यूबने, म्हणजे रात्रभर चालणाऱ्या भुयारी रेल्वेने, परत येते. ती इथेच वाढली, तिला रस्ते माहीत आहेत, आणि तिने मला नीट समजावून सांगितले आहे की स्टेशनवर यायची गरज नाही, तिला त्याचा संकोच वाटतो. मी दीड वाजता कोट घालते आणि तिकिटाच्या फाटकांसमोर, फुलवाल्याच्या बंद टपरीच्या आडोशाला उभी राहते. ती वर येते, मला पाहते, काही बोलत नाही आणि माझ्या बाजूने चालू लागते. आम्ही हो स्ट्रीट ओलांडतो, आणि पलीकडच्या फुटपाथवर पाय ठेवण्याच्या आतच मी तिला विचारते की एवढा उशीर का झाला आणि बरोबर कोण कोण होते.