नकाशावर काटे नसतात
ज्या शिखरावर सहसा कोणी जात नाही, तेथे लोक का जात नसावेत, हा प्रश्न निघण्यापूर्वी विचारायचा असतो, हे मला त्या डोंगराच्या ऐन मध्यावर, दोन झुडपांत आडवा अडकलेलो असताना उमगले. आदल्या रात्री मात्र मी आणि माझा मित्र ‘गर्दी नाही, पायवाट नाही’ एवढ्यावरच हरखून गेलो होतो.

हिशेब चोख होता. १:५०,००० प्रमाणाच्या नकाशावर एक सेंटीमीटर म्हणजे अर्धा किलोमीटर, आणि आमचे शिखर पायथ्यापासून जेमतेम आठ सेंटीमीटरवर, म्हणजे वीतभरही लांब नव्हते. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये मांडलेला नियम ढोबळमानाने असा, की दर पाच किलोमीटरला एक तास धरावा आणि सहाशे मीटर चढाईसाठी आणखी एक तास मिळवावा. आमची चढाई नेमकी सहाशे मीटर असल्याने उत्तर एक तास अठ्ठेचाळीस मिनिटे आले. मित्राने उदारपणे दोन तास धरले. नेस्मिथांच्या मनात चालता येईल अशी जमीन होती, ही बारीकशी अट आम्ही वाचली नाही.

पहिला तास डोंगराच्या सोंडेवरून बरा गेला. मग झुडपे गुडघ्याला, कमरेला आणि शेवटी नाकाला लागली. जनावरांच्या वाटा मिळत, पण त्या ज्यांच्यासाठी होत्या त्यांची उंची दोन फूट असावी. त्यामुळे आम्ही त्यांवरून रांगत गेलो आणि जनावराला जिथे जायचे होते तिथे, म्हणजे भलत्याच घळीत, पोहोचलो. एका फांदीने मित्राची टोपी उचलली. तीन पावले मागे जाऊन ती काढण्यापेक्षा ऊन सोसेन, असे तो म्हणाला, आणि मला ते पूर्णपणे पटले. पुढे नकाशावर समान उंची दाखवणाऱ्या, उंचीत वीस मीटरचा फरक असलेल्या दोन समोच्च रेषांच्या मधोमध लपलेला पंधरा मीटरांचा कातळकडा भेटला. नकाशा खोटे बोलला नव्हता. त्याने फक्त विषय काढला नव्हता.

मोज्यांना चिकटलेल्या बियांकडे मी कौतुकाने पाहावे, अशी मित्राची सूचना होती, कारण १९४१ मध्ये जॉर्ज द मेस्ट्राल या स्विस अभियंत्याला कुत्र्याच्या केसांत अडकलेल्या अशाच बियांवरून वेल्क्रोची कल्पना सुचली होती. मला त्या क्षणी जी कल्पना सुचली, तिचे पेटंट मिळाले नसते.

दोन फसव्या माथ्यांनंतर, पाचव्या तासाला, खरा माथा आला. तो आल्याचे समजले ते केवळ पुढे चढ उरला नाही म्हणून, कारण दिसत काहीच नव्हते. झुडपे आमच्यापेक्षा हातभर उंच होती. मित्र माझ्या खांद्यावर चढला, बराच वेळ चारही दिशा न्याहाळत राहिला आणि “झुडपे आहेत” असे सांगून खाली उतरला. तिथे चार दगडांची एक लगोरी होती. आमच्याआधी येथे येऊन, हे सारे पाहून, वर दगड रचण्याइतके त्राण कोणात उरले होते, याचेच मला नवल वाटले.

उतरणे सोपे, हा गैरसमज पायवाटांनी पसरवला आहे. चढताना साऱ्या सोंडा माथ्यावर एकत्र येतात, त्यामुळे कोठूनही चढलात तरी फारसे चुकत नाही. उतरताना त्याच सोंडा फाकत जातात आणि वर दहा पावलांची चूक झाली तर खाली दुसरेच खोरे मिळते. आमच्या सकाळच्या खुणा झुडपांनी मिटवून टाकल्या होत्या. होकायंत्र एक सांगे, मित्र दुसरे सांगे, आणि मी मोठ्या आवाजात सांगणाऱ्याचे ऐकत होतो. उन्हे कलली तशी आमची चर्चा थांबली. तेवढ्यात डावीकडे, छातीच्या उंचीवर, फांदीला लटकलेली ती टोपी दिसली.

माथ्यावर न झालेला आनंद आम्हाला तेथे झाला. पुढच्या वाटसरूसाठी खूण म्हणून ती तशीच ठेवावी, असे मी भारावून म्हटले. पण असा वाटसरू येईपर्यंत ती कुजेल, असे म्हणत मित्राने ती ओढून काढली आणि थेट डोक्यावर चढवली. आत काटे होते. पायथा येईपर्यंत तो काहीही बोलला नाही.