वाहत्या पाण्यात शाळा धुऊन घ्या

शहर बुडालं म्हणून कपाळाला हात लावून बसू नका. तो हात आधी धुऊन घ्या. वाहतं पाणी काही रोज दाराशी येत नाही. 29 ऑगस्ट 2005 ला कतरिना वादळ आलं आणि अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यातल्या न्यू ऑर्लिन्स शहराचा सुमारे 80 टक्के भाग पाण्याखाली गेला. (पाणी मिसिसिपीचं नव्हतं बरं का, पॉन्चरट्रेन सरोवराकडून कालव्यांच्या भिंती फोडून आलं होतं. पण हात धुवायला गंगाच हवी असा हट्ट कशाला?)

बुडालेल्या शहरातल्या सरकारी शाळा खासगी हातांत द्यायच्या, तर पहिलं काम म्हणजे घाई. पालक ह्यूस्टनच्या स्टेडियममध्ये खाटांवर झोपलेत, शिक्षक परगावी नातेवाइकांकडे पडलेत, तोवर सगळं उरकून टाका. हरकती आणि सूचना न येण्याचा इतका चांगला मुहूर्त पुन्हा मिळायचा नाही. चालू शाळा 'चार्टर' करायची, म्हणजे पैसा सरकारचा आणि कारभार खासगी मंडळाचा, तर तिथले पालक आणि शिक्षक यांचा कौल घ्यावा लागे. राज्यपालांच्या एका आदेशानं ती कटकट बाजूला सारता येते. तशी ती सारली गेलीच.

मग शाळा नापास करा. पोरांना वर ढकलायचं असलं की पासाची रेषा खाली आणतात, हे तुम्हाला ठाऊकच आहे. शाळा ताब्यात घ्यायच्या तर ती वर न्यायची. लुइझियानात 60 गुणांखालची शाळा नापास असे. नोव्हेंबर 2005 च्या कायद्यानं हा आकडा 87.4 झाला. का? तर ती राज्याची सरासरी होती. सरासरीखालच्या शाळा राज्यात इतरत्रही होत्या, पण या कायद्याचा सदरा नेमका न्यू ऑर्लिन्सच्या मापाचा शिवला होता. शंभराहून जास्त शाळा 'रिकव्हरी स्कूल डिस्ट्रिक्ट'कडे, म्हणजे नापास शाळा ताब्यात घेणाऱ्या राज्याच्या यंत्रणेकडे गेल्या. पाण्यात बुडून वाचलेली शाळा कागदावर बुडवता येते, हे लक्षात ठेवा.

आता माणसं. शाळाच नाहीत तर पगार कसला, असं म्हणून आधी सगळ्यांना बिनपगारी रजेवर पाठवा आणि नंतर नारळ द्या. 7,000 हून जास्त कर्मचारी गेले: शिक्षक, कारकून, स्वयंपाकघरातल्या बाया. बहुतेक कृष्णवर्णीय, त्या शहरातल्या मध्यमवर्गाचा कणाच. नोटिसा पाठवताना मात्र नियम काटेकोर पाळा, दप्तरात नोंदलेल्या पत्त्यावरच पाठवा. त्या पत्त्यावर घर उरलंय की नाही, ते पाहणं पोस्टमनचं काम. लोक कोर्टात जातील, जाऊ द्या. 2012 मध्ये खालच्या कोर्टानं शिक्षकांच्या बाजूनं निकाल दिला, 2014 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं तो फिरवला, 2015 मध्ये देशाच्या सर्वोच्च न्यायालयानं प्रकरण हातीच घेतलं नाही. तोवर दहा वर्षं झाली होती आणि त्या जागी बाहेरगावाहून आलेली, कॉलेजातून नुकतीच सुटलेली उत्साही मुलंमुली फळ्यासमोर उभी होती.

एखादा मोठा विचारवंत हाताशी ठेवा. मुक्त बाजाराचे पुरस्कर्ते अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमन यांनी वयाच्या 93 व्या वर्षी, 2005 च्या डिसेंबरात, वॉल स्ट्रीट जर्नलमध्ये लिहिलं की ही शोकांतिका आहेच, पण संधीही आहे. अमेरिकेचे तेव्हाचे शिक्षणमंत्री आर्नी डंकन यांनी 2010 मध्ये त्यावर कडी केली: शहराच्या शिक्षणाच्या बाबतीत घडलेली सर्वांत चांगली गोष्ट म्हणजे कतरिना! पुढे त्यांनी माफी मागितली. तुम्हीही मागा, पण काम झाल्यावर.

पालकांना 'निवड' द्या. घराजवळची हक्काची शाळा काढून घ्या आणि म्हणा, आता सगळं शहर तुमचं! 2012 पासून शहराच्या बहुतेक शाळांसाठी एकच अर्ज. पसंतिक्रम तुम्ही लावायचा, शाळा संगणक ठरवणार. मूल पहाटे अंधारात बसची वाट पाहत उभं राहिलं, की त्या बसलाही निवडच म्हणायचं.

कोणी कटकट केलीच, तर निकालपत्रक पुढे करा. हे हत्यार खोटं नाही, म्हणून तर कामाचं आहे. परीक्षेतले गुण वाढले, शाळा पूर्ण करणारी मुलंही वाढली. टुलेन विद्यापीठातल्या अभ्यासकांनी ते मोजून दाखवलंय. वादळाआधी शाळा चालवणारं, निवडून आलेलं शहराचं शाळा मंडळही काही सोवळं नव्हतं. भ्रष्टाचार इतका, की एफबीआयची माणसं मंडळाच्याच कचेरीत टेबल मांडून बसली होती. मात्र याच गुणांसाठी त्या बायांना घरी बसवणं का गरजेचं होतं, हा प्रश्न कोणी विचारला तर चहा मागवा.

शेवटी 2018 च्या जुलैत शाळा त्या निवडून आलेल्या मंडळाकडे परत करा. परत म्हणजे देखरेख, चालवणारे खासगीच. मग 2024 मध्ये मंडळ स्वतःची एक शाळा उघडेल: शिक्षक मंडळाचे, कारभार मंडळाचा. तुम्ही फीत कापायला जा आणि भाषणात तिला धाडसी प्रयोग म्हणा.